लेकीच्या चेहऱ्यावरची मुरुमं आणि आमचं चुकलेलं दीड वर्ष

रेवाकाठ (इंदूर)

नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको असं तीन महिने चाललं होतं. शेवटी लेकीलाच विचारलं. ती म्हणाली, "माझं नाव नको घालूस, पण लिही. कुणाची तरी आई वाचेल." म्हणून लिहितेय. लांबलचक आहे, निवांत वाचा.

लेक आता १७ची. दहावीला असताना तिच्या कपाळावर, अगदी केसांच्या कडेला, बारीक बारीक पुटकुळ्या आल्या. रंग कातडीचाच. पू नाही, दुखणं नाही, फक्त हात फिरवला की खरखरीत लागायचं. आमच्या सुदामानगरच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं: वय आहे, अंगात उष्णता आहे, जातील. मी सहाणेवर जायफळ उगाळून लावलं, मुलतानी माती थापली, लिंबू चोळलं. आणि दर शनिवारी रात्री नेमानं डोक्याला तेल चोपडून घट्ट वेणी घालून दिली. त्या तेलाचा आणि कपाळाचा काही संबंध असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही.

अकरावीत कोचिंग सुरू झालं. तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर रोज भंवरकुआंपर्यंत जाणं-येणं, ऐन मे महिन्यात. गालांवर लाल फोड आले, मग त्यात पू धरला, हनुवटीजवळ दोन गाठी झाल्या. त्या गाठींना ती हातसुद्धा लावू देत नव्हती. आणि पोरगी बदलत गेली. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) बघायला लहानपणापासून उड्या मारत जाणारी, त्या वर्षी "डोकं दुखतंय" म्हणून घरी थांबली. रंगपंचमीला गेरचं, म्हणजे आमच्या रंगांच्या मिरवणुकीचं, नाव काढलं नाही. नात्यातलं कुणी भेटलं की पहिलं वाक्य, "अगं, चेहऱ्याला काय करून घेतलंस?" हे वाक्य ऐकल्यावर ती जेवणाच्या ताटावरून उठून गेलेली मी दोनदा पाहिली आहे.

मग माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. घराजवळच्या एका मेडिकलवर मी विचारलं. "पिंपल है ना? ये लगाओ, सात दिन में साफ." आणि खरोखरच सातव्या दिवशी चेहरा साफ! लेक आरशासमोर उभी राहून हसत होती, मी देवापुढे साखर ठेवली. अडीच महिने ती क्रीम लावली. एकदा ट्यूब संपली आणि आणायला चार दिवस उशीर झाला, तर चेहरा लालभडक. साधं पाणी लागलं तरी आग आग. गालांवर बारीक लाल रेषा दिसायला लागल्या, कानशिलाजवळ लव वाढली, आणि मुरुमं आधीच्या दुप्पट, सगळी एका मापाची. पुन्हा क्रीम लावली की शांत, सोडली की भडका. तेव्हा कुठे आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरबाईंनी आधी काही लिहूनच दिलं नाही. "घरी जे जे लावलंत ते सगळं उद्या घेऊन या." दुसऱ्या दिवशी मी टेबलावर पिशवी उलटी केली. १४ वस्तू निघाल्या. त्यातली ती ट्यूब त्यांनी बाजूला काढली आणि मागची बारीक अक्षरं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली. त्यात स्टेरॉइड होतं, म्हणजे सूज तात्पुरती दाबणारं औषध.

मग त्यांनी लेकीच्या कपाळाची कातडी दोन बोटांनी ताणली आणि मला दिव्याखाली जवळ बोलावलं. ताणलेल्या कातडीत रव्याच्या कणांसारखे पांढुरके दाणे दिसत होते. म्हणाल्या, "बघा, हे बंद तोंडाचे. मुरूम इथं सुरू होतं. तुम्हाला जो लाल फोड दिसतो तो पुढचा टप्पा." तो क्षण मला विसरता येत नाही. दीड वर्ष मी ह्या चेहऱ्याकडे रोज बघत होते आणि मला ते दाणे दिसलेच नव्हते.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत सांगते. आपल्या कातडीत जिथून केस उगवतो त्या छिद्राला तेलाची छोटी ग्रंथी जोडलेली असते. वयात येताना हार्मोनमुळे ती मोठी होते आणि जास्त तेल सोडते. त्याच वेळी छिद्राच्या आतली मेलेली कातडी नीट सुटून बाहेर पडत नाही, चिकटून राहते, आणि तेलाबरोबर तिचं बूच तयार होतं. तोंड बंद राहिलं तर पांढुरका दाणा, तोंड उघडं राहिलं तर काळा ठिपका. आत तेल साचलं की तिथं मुळातच राहणारे जंतू फोफावतात, शरीर त्यांच्याशी लढायला जातं, आणि लाल फोड, पू, सूज होते. सूज खोल गेली की गाठ. लेकीच्या एकाच चेहऱ्यावर ह्यातलं जवळजवळ सगळं होतं, आणि वर स्टेरॉइडनं केलेलं वेगळंच. आणि आम्ही त्या सगळ्याला मिळून एकच शब्द वापरत होतो, पिंपल.

आता उपचारांना आठ महिने झाले. चेहरा पूर्ण कोरा नाही, पण ती परवा स्वतःहून मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली, तोंडाला काही न बांधता.

तुमचे, तुमच्या मुलांचे अनुभव लिहा. कुठलं मुरूम कसं ओळखलं ते विशेष लिहा.

शिप्रातीर

ताई, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. "काय करून घेतलंस" हे वाक्य मीही ऐकलंय, लग्नाच्या मांडवात, नवरी असताना. लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

दवावाला_मल्हारगंज

माझं स्वतःचं मेडिकल आहे, वडिलांपासूनचं. हा धागा वाचून गप्प बसणं बरोबर नाही.

ताईंच्या बाबतीत झालं ते आमच्या धंद्यात होतं, हे मी मान्य करतो. गिऱ्हाईक येतं, "काहीतरी द्या, लवकर जाईल असं" म्हणतं, आणि समोरचा देतो. चेहऱ्यासाठी सगळ्यात जास्त मागितल्या जाणाऱ्या क्रीमपैकी एक प्रकार म्हणजे तीन औषधं एकत्र असलेली: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टेरॉइड. ती वांगासाठी (चेहऱ्यावरच्या तपकिरी डागांसाठी) असते, आणि तीसुद्धा डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे आठवडे. लोक ती गोरं व्हायला लावतात, मुरुमांना लावतात, दाढीनंतर लावतात, वर्षानुवर्षं लावतात.

ओळखायचं कसं? ट्यूबवर किंवा खोक्यावर बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव असतं, ते वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ह्यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड. खाजेच्या, नायट्याच्या "सब में चलने वाली" क्रीममध्येही बहुतेक वेळा हेच असतं. २०१८ साली सरकारनं अशी १४ लावायची स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. चिठ्ठी मागितली की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, हे खरं आहे. तरी मी मागतो. दोन वर्षांपूर्वी माझ्याच भाचीचा चेहरा असा झालेला पाहिला, तेव्हापासून मागतो.

आणि एक. ज्यांनी महिनोन् महिने लावली आहे त्यांनी हे वाचून घाबरून आज रात्री एकदम फेकून देऊ नका, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. सोडल्यावर भडका उठतो, तो कसा सांभाळायचा ते त्यांना ठाऊक असतं.

माळव्यातली_माई

रेवाताई, तुमची तळमळ पोचली. पण जायफळ, मुलतानी माती एवढं वाईट का ठरवता? आमच्या वेळी डॉक्टर कुठे होते चेहऱ्याला? माझ्या सासूबाई चंदन उगाळून द्यायच्या, हळद-साय लावायच्या. आम्हा पाच नणंदा-भावजयांचे चेहरे आजही स्वच्छ आहेत. लग्न झालं की मुरुमं जातात असंही म्हणायच्या, आणि जायचीही.

रेवाकाठ (इंदूर)

माई, तुमच्या अनुभवाचा मान ठेवूनच लिहिते. हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. त्या म्हणाल्या, ज्यांना चार-दोन मुरुमं येतात त्यांची वयाप्रमाणे आपोआप जातात, मग जे लावलं त्याला श्रेय मिळतं. लग्नाचंही तसंच, लग्नं विशीत व्हायची आणि बऱ्याच जणांची मुरुमं विशीतच ओसरतात. चंदनानं कुणाचं वाकडं होत नाही बहुधा. पण लिंबानं माझ्या लेकीची कातडी भाजली होती, आणि त्यावर ऊन पडून काळे डाग आले. ते डाग मुरुमांच्या डागांपेक्षा जास्त दिवस राहिले. टूथपेस्ट, चुना, खायचा सोडा लावणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगते, नका.

आणि सायीबद्दल: मुळातच तेलानं बुजलेल्या छिद्रावर आपण आणखी स्निग्ध थर देतो. कोरड्या कातडीला ती मानवत असेल, हिला मानवली नाही.

त्वचावैद्य_निवृत्त

मी त्वचारोगात ३० वर्षांहून अधिक काळ काम केलं, आता घरीच असतो. रेवाताईंनी मांडलेलं बरोबर आहे, दोन-चार गोष्टी जोडतो.

काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. हे मी आयुष्यभर सांगत आलो तरी लोक खरडून धुतात. छिद्राचं तोंड उघडं असल्यानं आतल्या बुचाचा हवेशी संबंध येतो आणि त्यातलं रंगद्रव्य व तेल काळं दिसतं. दगडानं, स्क्रबनं, दिवसातून सहा वेळा साबणानं घासून ते जात नाही. कातडी सोलवटते आणि सूज वाढते. सौम्य साबणानं दोन वेळा धुणं पुरे.

त्या जंतूचं नाव आता क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस आहे. २०१६पर्यंत पुस्तकांत प्रोपिओनीबॅक्टेरियम म्हणत. तो प्रत्येकाच्या कातडीवर असतो, माझ्याही, तुमच्याही. म्हणून मुरूम हा संसर्ग नाही. एका टॉवेलनं तो घरभर पसरत नाही. टॉवेल वेगळा ठेवा, ती स्वच्छतेची गोष्ट झाली, पण पोराला वाळीत टाकल्यासारखं वागवू नका.

प्रकार ओळखायचा तो उपचार त्यावर ठरतो म्हणून. नुसते बंद-उघडे दाणे असतील तर प्रतिजैविकाच्या गोळ्यांचा तिथं काय उपयोग? तिथं रेटिनॉइड गटातलं मलम लागतं, अ‍ॅडापॅलीनसारखं, जे बूच तयारच होऊ देत नाही. लाल फोड आणि पुवाच्या पुळ्या असतील तर जोडीला बेन्झॉइल पेरॉक्साइड. सूज जास्त असेल तर काही आठवड्यांसाठी डॉक्सिसायक्लिनसारख्या गोळ्या, शक्यतो तीन-चार महिन्यांच्या पुढे नाही. आणि साधारण ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या, खोल, दुखऱ्या गाठी असतील तर वेळ घालवू नये, कारण खड्डे तिथंच पडतात. गाठी आतून एकमेकींना जोडल्या जातात, पाठीवर-छातीवर पसरतात, असाही एक प्रकार आहे. मुलाला मुरुमांबरोबर ताप, सांधेदुखी, फोड फुटून जखमा असं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हे क्वचित होतं पण होतं.

नुसतं क्लिंडामायसिनचं मलम महिनोन् महिने लावू नका. जंतू त्याला सरावतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडीला असलं की तो धोका कमी होतो.

सगळ्यात जास्त लोक कुठे चुकतात सांगू? वेळेत. दिसायला लागण्याच्या सुमारे आठ आठवडे आधी मुरूम आत तयार व्हायला लागलेलं असतं. आज लावलेलं औषध पुढचं थांबवतं, आलेलं नाही. म्हणून ८ ते १२ आठवडे धीर धरावा लागतो, आणि मलम फोडावर ठिपक्यासारखं न लावता त्या सगळ्या भागावर पातळ लावावं लागतं. लोक पंधरा दिवसांत ट्यूब बदलतात, मग डॉक्टर बदलतात.

तेलाबद्दल: १९७० साली अमेरिकेतल्या त्वचातज्ज्ञांनी केसांना लावायच्या पोमेड नावाच्या तेलकट मलमामुळे कपाळावर येणाऱ्या मुरुमांचं वर्णन केलं. कपाळ आणि कानशिलं, बहुतेक बंद दाणे, एकसारखे. आपल्याकडे तेच चित्र तेलानं दिसतं. तेल लावायचंच तर धुण्याआधी तासभर लावा, रात्रभर उशीला आणि कपाळाला लागेल असं नको.

रेवाकाठ (इंदूर)

डॉक्टरकाका, मनापासून आभार. शनिवारची वेणी बंद केल्यावर दोन-अडीच महिन्यांत कपाळ निम्मं मोकळं झालं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

बेन्झॉइल पेरॉक्साइडवरून आठवलं, ज्यांना लिहून दिलंय त्यांनी पांढरी चादर-टॉवेल वापरा. लेकीच्या मरून रंगाच्या अभ्र्यावर बरोबर गालाच्या आकाराचा पिवळट-नारिंगी ठसा उमटला होता. मला वाटलं काहीतरी भयंकर बाहेर पडतंय. नंतर कळलं, हे औषध कापडाचा रंग उडवतं. तिची शाळेची निळी टायही गेली त्यात.

तालीमवाला२२

नमस्कार, मी २२ वर्षांचा. पीएससीची तयारी आणि संध्याकाळी जिम. गेल्या पावसाळ्यात माझ्या पाठीवर, खांद्यांवर आणि छातीवर एकाच मापाचे बारीक लाल दाणे आले. मुख्य म्हणजे भयंकर खाज. घाम आला की आणखी. एका डॉक्टरांनी मुरूम समजून गोळ्या दिल्या, दोन महिने खाल्ल्या, वाढतच गेले. काळे ठिपके, पांढरे दाणे काहीच नव्हतं. पोरं म्हणाली प्रोटीन पावडर बंद कर, ती केली, तरी फरक नाही. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी एक दाणा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि म्हणाले हे मुरूमच नाही, बुरशी आहे. त्यांनी दिलेल्या औषधानं तीन आठवड्यांत आराम. हे कुणाला असेल तर लक्षात यावं म्हणून लिहितोय.

त्वचावैद्य_निवृत्त

फार उपयोगी लिहिलंस बाळा. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट आपल्या कातडीवर असतेच. दमट हवेत, घामात, घट्ट कपड्यांत ती केसांच्या छिद्रांत वाढते. खाज, एकसारखे दाणे आणि एकही काळा-पांढरा ठिपका नसणं, ह्या खुणांवर ती ओळखायची. प्रतिजैविकांनी ती वाढते, कारण तिला आवरणारे जंतू मरतात. मुरुमांत खाज सहसा मुख्य तक्रार नसते.

प्रोटीन पावडरनं काहींना मुरुमं वाढलेली मीही पाहिली आहेत, विशेषतः व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीपासून केलेली. पण तुझं तसं नव्हतं. आणि जिममध्ये कुणी सुई किंवा बिननावाची गोळी देत असेल तर घेऊ नकोस. त्यातली हार्मोनं खांद्या-पाठीवर भयानक गाठी आणतात, आणि तो त्यातला सगळ्यात लहान तोटा आहे.

जुनी_पलासियाकर

माझं वय ३३. कॉलेजात एकही मुरूम नव्हतं, मुलगी झाल्यानंतर तिशीत सुरू झालं. फक्त जबड्याच्या कडेला आणि हनुवटीवर, खोल आणि दुखरं, पाळीच्या आठवडाभर आधी येणार म्हणजे येणार. ऑफिसात सगळ्या बायका "तू पाणी कमी पितेस" म्हणायच्या. दिवसाला चार लिटर प्यायले. मग पाळी दोन-दोन महिने पुढे जायला लागली, हनुवटीवर जाड केस यायला लागले. सोनोग्राफी आणि रक्त तपासलं तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाचा हार्मोनच्या बिघाडाचा आजार, निघालं.

मला कुणी आधी सांगितलं असतं की जबड्यावरची मुरुमं, अनियमित पाळी आणि केस हे तिन्ही एकाच कारणानं असू शकतात, तर चार वर्षं मी फेशियलवर पैसे घातले नसते. कितीतरी वेळा पार्लरच्या खुर्चीत सुईनं दाबून काढून घेतलं. त्याचे दोन खड्डे आजही आहेत.

त्वचावैद्य_निवृत्त

ताई, तुमचं निरीक्षण अचूक आहे. मोठ्या वयात पहिल्यांदा येणारी, जबड्याच्या रेषेतली मुरुमं दिसली की पाळीबद्दल विचारलंच पाहिजे. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि त्वचेचे डॉक्टर दोघांनी मिळून बघावं. स्पायरोनोलॅक्टोनसारखी हार्मोनवर काम करणारी औषधं इथं उपयोगी पडतात, पण दिवस राहणार असतील तर ती चालत नाहीत. हे आधी बोलून घ्या.

नाक आणि वरचा ओठ ह्या भागातलं तर कुणीच फोडू नये. तिथल्या शिरांचा मेंदूकडच्या शिरांशी संबंध आहे. संसर्ग तिकडे गेल्याचं क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर येतं.

मोठ्यामुलाचा_बाप

मुलगा १९ चा. पाठ आणि गाल गाठींनी भरलेत. डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइन नावाचं गाठींवरचं औषध लिहून दिलंय. घरात रोज वाद आहे. मेहुणे म्हणतात लिव्हर जातं, कुणी म्हणतं डोक्यावर परिणाम होतो. औषध आणून आठ दिवस झाले, कपाटात आहे. काय करू?

त्वचावैद्य_निवृत्त

तुमची काळजी रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो. हे औषध अमेरिकेत १९८२ साली आलं, म्हणजे आम्हा डॉक्टरांच्या हाती चाळीस वर्षांचा अनुभव आहे. तेलग्रंथी आकसवण्यात ह्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि खोल गाठींसाठी ते वेळेवर दिलं तर खड्डे टळतात.

ओठ फाटतात, ते जवळजवळ सगळ्यांचे. डोळे, नाक कोरडं पडतं, अंग दुखतं. सुरुवातीला काही आठवडे मुरुमं वाढू शकतात, तेव्हा घाबरून सोडू नका. यकृताची आणि चरबीची रक्ततपासणी सुरू करण्यापूर्वी आणि मधे करतात; वाढ झाली तर डोस कमी करतात, बहुतेकदा ती उतरते. मन खचल्याच्या तक्रारी नोंदवल्या गेल्या आहेत. मोठ्या पाहण्यांत थेट संबंध सिद्ध झालेला नाही, तरी घरच्यांनी मुलाशी बोलत राहावं. झोप, चिडचिड, एकटं बसणं ह्यात बदल दिसला तर डॉक्टरांना लगेच सांगा. जेवणाबरोबर घ्यायचं, उपाशीपोटी नीट शोषलं जात नाही. सोबत डॉक्सिसायक्लिन किंवा व्हिटॅमिन ए नको. औषध चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान नको.

मुलींसाठी मात्र एक गोष्ट काळ्या दगडावरची रेघ. पोटातल्या बाळावर ह्या औषधाचे गंभीर परिणाम होतात. सुरू करण्याच्या एक महिना आधीपासून बंद केल्यानंतर एक महिन्यापर्यंत दिवस राहता कामा नयेत. हे बोलायला संकोच करणारे पालक मी पाहिले आहेत, तो संकोच महागात पडतो.

मेहुण्यांना सोबत घेऊन एकदा तुमच्या डॉक्टरांकडे जा. शंका तिथंच विचारा, कपाटातल्या पाकिटाला नको.

मोठ्यामुलाचा_बाप

उद्याच जातो. मुलालाही सोबत नेतो, आतापर्यंत त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

खड्डेवाला_तोंडवळा

वय ३८. माझी मुरुमं कधीच गेली, खड्डे राहिले. वीस वर्षांपूर्वी ही माहिती मिळाली असती तर! माझ्यासारख्यांना सांगतो: डाग आणि खड्डा वेगळा. आरशासमोर एका बाजूनं तिरका दिवा लावून बघा. सावली पडली तर खड्डा, नुसता रंग गडद असेल तर डाग. डाग काही महिन्यांत फिके होतात, उन्हापासून जपलं तर लवकर. खड्डे आपोआप भरत नाहीत. माझ्या गालावर तीन तऱ्हेचे आहेत: दाभणानं टोचल्यासारखे अरुंद खोल, उभ्या कडांचे रुंद, आणि लाटांसारखे उथळ. प्रत्येकाला वेगळा उपाय लागतो असं मला सांगितलं. लाटांसारख्यांना आतले धागे सुईनं सोडवतात, टोचल्यासारख्यांना आत आम्लाचा थेंब. चार वेळा गेलो, निम्मं भरलंय. "एका बैठकीत लेझरनं गुळगुळीत" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. आपल्या सावळ्या कातडीवर चुकीचं लेझर काळे चट्टे ठेवून जातं.

शिप्रातीर

खाण्याचं कुणी बोलेल का? इंदुरात राहून सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीला आणि पोहे-जिलबीला कसं सोडायचं?

त्वचावैद्य_निवृत्त

तळलेल्या पदार्थातलं तेल थेट चेहऱ्यावर येत नाही. पुरावा आहे तो रक्तातली साखर झपाट्यानं वाढवणाऱ्या खाण्याबद्दल: जिलबी, मैदा, गोड पेयं. काहींना दूध, त्यातही साय काढलेलं. पण सगळ्यांना नाही. पोहे खा. रोजची जिलबी आठ-दहा आठवडे थांबवून बघा, फरक पडला तर तुमच्यासाठी ते खरं. मुलांच्या ताटातलं एकेक काढून घेत त्यांना गुन्हेगार करू नका, खाणं हे अनेक कारणांतलं एक लहान कारण आहे.

ज्यांना खाजगी फी परवडत नाही त्यांनी इंदूरच्या सरकारी एम. वाय. हॉस्पिटलच्या त्वचारोगाच्या ओपीडीत जावं. सकाळी लवकर जा, वापरलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घेऊन.

माळव्यातली_माई

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. डॉक्टर, एक विचारते. आमच्याकडे नात झाली, आज २४ दिवसांची. तिच्या गालांवर आणि कपाळावर बारीक लाल-पांढऱ्या पुटकुळ्या आल्यात. मी रोज डाळीचं पीठ आणि साय लावून तिला चोळून न्हाऊ घालते, वर तेल. सून म्हणते नको, मी ऐकत नव्हते.

त्वचावैद्य_निवृत्त

माई, ह्या वयात असं पुष्कळ बाळांना येतं आणि काही आठवड्यांत आपोआप जातं, डागही राहत नाही. चेहऱ्याला पीठ, साय, तेल काही लावू नका, चोळू नका, फोडू नका. कोमट पाण्यानं पुसा, मऊ फडक्यानं टिपा. बाळ अंगावर नीट पीत नसेल, ताप असेल, मलूल असेल किंवा पाण्यानं भरलेले फोड दिसले तर मात्र लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. आणि एक लक्षात ठेवा, साधारण एक ते सात वर्षांच्या मुलाला मुरुमं आली तर ती कधीच साधी समजू नयेत, हार्मोनची तपासणी लागते.

माळव्यातली_माई

पीत आहे, ताप नाही. पिठाची वाटी आत्ता सुनेच्या हातात दिली, म्हटलं तुझं बरोबर होतं. उद्यापासून चेहऱ्याला फक्त पाणी.

रेवाकाठ (इंदूर)

माई, महिन्यानं कळवा कशी आहे नात. मी वाट बघतेय.